चिक्कीचा कागद

आमच्या घरात चाळीस वर्षं गूळ आला नाही. मी चिक्कीच्या भट्टीवर राबलेला माणूस. अंगाला गुळाचा वास, सदऱ्याच्या बाह्या गुळानं कडक झालेल्या, आणि घरात गुळाचा खडा नाही. चहा साखरेचा, लापशी साखरेची, बाळंतिणीचे लाडूसुद्धा साखरेचे. पाहुणे हसायचे. म्हणायचे, हलवायाच्या घरी उपास. माझी बायको येसू चुलीकडं तोंड फिरवायची. गूळ का नाही याचं तिचं एक कारण होतं. ते कारण खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला एकट्याला माहीत होतं.

येसूला जाऊन पाच महिने झाले. घरात बसवत नाही. सकाळी आमच्या भाजे गावातून निघतो, चालत मळवली स्टेशनाला जातो, बाकावर टेकतो. गाडी आली की उठतो, आत बसत नाही, परत फिरतो. रविवारी लेणी बघायला आलेली पोरंपोरी विचारतात, आजोबा, वाट कुठनं? मी हात करतो. परत घरी. घरी आलं की पुन्हा वाटतं कुठंतरी जायचं राहिलंय. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, जोडाक्षरं अजून चुकतात, पण पायाला स्वस्थता नाही तर हाताला तरी काम द्यावं म्हणून लिहायला बसलोय. सहा दिवसांचं लिहायचं आहे. बाकी आयुष्य सगळ्यांसारखंच गेलं.

चाळीसेक वर्षांपूर्वी घरात आम्ही चौघं. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन. घरी आले तरी पावलं रुळाखालच्या स्लीपरच्या मापानं टाकायचे. दोन खोल्यांचं घर, पुढं पत्रा, मागं कुडाची न्हाणी. मालगाडी मळवलीतनं गेली की मांडणीवरची ताटं थरथरायची आणि ती थांबेपर्यंत आबा घास हातात धरून बसायचे, जशी गाडी त्यांच्या परवानगीनं चालली आहे. जेवायला नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, सुकटीचं कालवण. आंबेमोहराचा भात फक्त पाहुणा आला की. माझी आय सुईण. आमच्या बौद्ध वस्तीतलीच नाही, गावातली पोरंही तिच्याच हातावर आली. ज्या घरांत आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्या घरांत आयचा हात चालायचा. ती म्हणायची, "पोर भायेर येताना जात इचारत न्हाई. नंतर शिकवत्यात त्याला." तिच्याकडं एक डबी होती, तिच्यात पांढरा दोरा आणि विळ्याचं तुटकं पातं. पातं उकळत्या पाण्यात घालायची, दोरा पिळून घट्ट गाठ मारायची. तिच्या गाठीची बेंबी कधी चिघळली नाही, असं बायका सांगायच्या.

येसू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. धम्म घेतल्यानंतर आमच्यात पोरींची जी नवी नावं आली त्यातलं तिचं, यशोधरा. पण यशोधरा म्हणून तिला फक्त शाळेच्या दाखल्यानं हाक मारली. तीही लोणावळ्यात माझ्याच भट्टीवर होती, पॅकिंगच्या टेबलावर. मी कढईपाशी, ती टेबलापाशी. मधे धूर. पोटुशी राहिली तरी सातव्या महिन्यापर्यंत कामाला आली, मग शेठनेच सांगितलं, आता घरी बस.

ऐन उन्हाळा होता. सहलीची गर्दी, भट्टीवर दोन पाळ्या. मी संध्याकाळी घरी आलो तर आय दारात बसलेली, हात धुतलेले, पदर खोचलेला तसाच. मी विचारलं, काय झालं?

"पोरगी."

"बगू?"

"उद्या बग. आज निजलीया."

माझ्या आयनं आजवर शंभर पोरं बापांच्या मांडीवर ठेवली असतील. मला म्हणाली उद्या बघ. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीतनं पोरीची किंकाळी आली. रडणं निराळं आणि किंकाळी निराळी. मी आत गेलो. आय पोरीच्या पोटावरचं फडकं सोडवत होती. हळद आणि गोवरीची चाळलेली राख लावून वर बांधलेलं ते फडकं चिकटून बसलं होतं, आणि निघताना रक्ताचे बारीक ठिपके घेऊन निघालं. खाली जे होतं ते मी पाहिलं. आता सरळ लिहितो, लपवण्यात काही राहिलं नाही. बेंबीच्या खाली, जिथं नुसतं पोट असतं, तिथं कातडीच नव्हती. तिथं लालभडक ओलं मांस उघडं पडलेलं, दोन बाजूंना दोन फोडी आणि मधे आतड्याची घडी. दोन्हीकडनं लघवी थेंबाथेंबानं पाझरत होती. मधल्या भोकातनं काळी शी येत होती. आणि खाली, जिथं शीची वाट असायला पाहिजे, तिथं सपाट कातडी. पुढची जागाही दुभंगलेली. पोरगी आहे हे आयनं आपल्या अंदाजानं सांगितलं होतं, डॉक्टरांनी ते नंतर खरं ठरवलं. बाकी पोर देखणी. येसूचं नाक, आबांचे कान.

"काय न्हाई," आय म्हणाली, "बेंबी उलाटलीया. राख लावलीया. सुकंल आन पडंल."

तिला खरंच तसं वाटत होतं का, की येसूसाठी बोलत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. सुईणीला बेंबी कळते. पण जे आपण कधीच पाहिलं नाही त्याला माणूस ओळखीचंच नाव देतो.

आबा म्हणाले, "पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या. आजच."

आय म्हणाली, "पाच दीस तरी जाऊं द्या. कवळं पोर, वाटंतच जाईल."

"हितं ठिवून काय व्हनार हाय?"

"तुमी रूळ बगा. पोरं मी बगते."

आबा माझ्याकडं बघायला लागले. बाप मी होतो. वीस-एकवीस वर्षांचा, मिशी नुकतीच नीट आलेली. मी म्हणालो, "आय म्हनती तर ऱ्हाऊं द्या पाच दीस." आणि डबा घेऊन कामाला गेलो. डबा कोणी भरला ते आठवत नाही. बहुतेक मीच भरला.

भट्टीवर दगडू म्हणून माझा जोडीदार होता, तोंडाळ. कढईत उलथनं फिरवता फिरवता ओरडला, "काय रं, पोरगी झाली म्हून थोबाड पाडलंस व्हय? पेढं न्हाईत तर चिक्की तरी वाट की! ती बी शेठचीच वाटशील म्हना!" सगळे हसले. मीही हसलो. पोरगी झाली म्हणून हा नाराज आहे असं त्यांना वाटलं आणि मी वाटू दिलं. ते सोपं होतं. पाक पाण्यात टाकून बघायचा, गोळी कडक झाली की शेंगदाणे ओतायचे, तेल लावलेल्या ओट्यावर पसरायचं, वर पातळ प्लास्टिकचा कागद घालून लाटणं फिरवायचं, कागद ओढून काढायचा, सुरी मारायची. हात चालत होते. डोकं चालू नये म्हणून मी हात आणखी जोरात चालवले. अजूनही माझं तसंच आहे. दुःख झालं की मी झाडू मारतो. येसू गेली त्या आठवड्यात मी अंगण इतकं झाडलं की मुरूम वर आला.

तिसऱ्या दिवशी आय फडकं सोडवायला बसली तेव्हा येसूनं तिचा हात धरला.

"आत्याबाई, ह्यानं सालपट निगतंय. पानी घाला, मग सोडवा."

"पानी घातलं तर सुकंल कसं?"

"सुकायचं न्हाईच त्ये. तोंडाच्या आतल्या मासासारखं हाय. तोंड कदी सुकतंय का?"

येसूनं मला तिची ट्रंक ओढायला सांगितली. आमच्या लग्नाचा एकच फोटो होता, तो तिनं भट्टीवरच्या कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवला होता, लाटण्याखाली घालायचा तोच पातळ, गुळगुळीत प्लास्टिकचा कागद. तिनं फोटो बाजूला ठेवला आणि कागद उकळून गार केलेल्या पाण्यानं दोनदा धुतला. मला म्हणाली, "त्या कुसुमच्या मनगटावर पाक सांडलेला आठवतंय? फडकं बांदलं आन सोडवताना कातडं फडक्याबरूबर आलं. तवापासनं टेबलावरच्या बाया पानी वततात आन वर कागूद ठिवतात. कागदाला वलं चिकटत न्हाई." तिनं पोरीच्या पोटावरची राख पाण्यानं धुऊन काढली, कागदाचा तुकडा ओला करून त्या उघड्या मांसावर अलगद ठेवला आणि वरनं मऊ धोतराची सैल घडी. पोर थांबली. किंकाळी नाही, हुंदका नाही. दोन दिवसांत पहिल्यांदा अंगावर नीट प्यायली. आय भिंतीला टेकून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हंजी मिठाईवानी गुंडाळलीस की गं." येसू हसली. टाके नसले तरी हसताना बाळंतिणीला दुखतं, तिनं पोट धरलं.

तिला शिकायला मिळालं असतं तर काय झालं असतं, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. ती होती तीच पुरेशी होती.

चौथ्या दिवशी तो कागद शीनं खराब होऊन फाटला. मी कामाला निघालो तेव्हा येसू म्हणाली, "अवो, चार-पाच कागूद आना. रोलवरचं कोरं आना. वापरल्यालं नगं."

रोल शेठच्या खोलीत असायचा. मागितला असता तर शेठनं हातभर फाडून दिला असता, माणूस वाईट नव्हता. पण तो विचारणार, कशाला? आणि मला सांगावं लागणार. माझ्या पोरीचं पोट उघडं आहे, तिला शीची वाट नाही, हे मला कढईपाशी उभं राहून, दगडूच्या देखत, तोंडानं उच्चारायचं होतं. दिवसभर मी त्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा पाणी पिऊन परत आलो. पाळी सुटली. ओट्याखाली वापरलेल्या कागदांचा ढीग पडलेला असायचा, तेल आणि गुळाचा हात लागलेला. त्यातले चार बरे बघून उचलले. बाहीनं पुसले. बाही माझी, म्हणजे काय पुसणार. घडी करून खिशात घातले.

आतली खोली अंधारी, खिडकी नाही. येसूनं हाताला लावून बघितलं.

"कोरं हायत न्हवं?"

"व्हय."

"तेलकट लागत्यात."

"नवा माल तसाच येतोय."

गुळाचा वास तिला आला असणार, पण तो वास मी घरात शिरलो की येतच होता. तो माझाच वास होता. तिनं कागद ओल्या फडक्यानं पुसले, धुतले नाहीत. कोरे म्हणून मी सांगितलं होतं ना.

पाचव्या दिवशी माझी सुट्टी. आबा सकाळीच ड्यूटीवर गेले. ते गेल्यावर आयनं जे काढलं ते बघून मी दारातच उभा राहिलो. पाटा-वरवंटा मांडला, हळदी-कुंकू, खोबऱ्याची वाटी, त्यात गुळाचा मोठा खडा, आणि बाजूला कोरा कागद. ही पाचवीची पूजा. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि पोराच्या कपाळी नशीब लिहून जाते म्हणतात, म्हणून तिला कागद आणि लेखणी ठेवायची. आमच्या घरात हे बंद झालेलं. माझ्या जन्माच्या आधी धम्म घेतला तेव्हा आबांनी सगळे देव टोपलीत घालून इंद्रायणीत सोडले होते. दुसऱ्यांच्या घरी सुईण म्हणून आय पाचवी मांडायची, आपल्या घरी कधी नाही. पाचवी असते सांजेची. पण सांजेला आबा येणार, म्हणून तिनं दुपारीच मांडली.

"आय, आबाला कळलं तर?"

"कळूं दे. तुजी केली न्हाई. तुजं काय वाईट झालं न्हाई म्हून गप ऱ्हायले. हिचं बग." तिचा आवाज फाटला. "सटवाईला इसरले म्हून तिनं पुरं ल्हिलंच न्हाई. अर्दीच पोर धाडली. तुज्याकडं पेन हाय का?"

मी खिशातलं पेन काढून दिलं. आबांचा मी मुलगा, पंचशील तोंडपाठ, आणि मी पेन दिलं. नको म्हणावं तर मला तरी दुसरं काय सुचत होतं?

पाळणा म्हणजे आढ्याला दोरीनं टांगलेली धोतराची झोळी, आणि पूजा तिच्या खालीच. येसू भिंतीकडं तोंड करून निजलेली. चार रात्री जागलेली, मेल्यासारखी झोपलेली. आय हात जोडून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी दाराशी बसलो, उठलो, बाहेर गेलो, आत आलो. तेवढ्यात पोर ओरडली. दुसऱ्या दिवशीसारखी.

येसू झोपेतनंच उठली आणि झोळीत हात घातला. हात बाहेर काढला तो तांबड्या मुंग्यांनी भरलेला. पोरीच्या कमरेला, मांड्यांना, कागदाच्या कडेनं मुंग्या. कागदावर तर थर. येसू ओरडली नाही. पोरीला मांडीवर घेतलं, तांब्याचं पाणी धारेनं सोडलं, आणि एकेक मुंगी चिमटीत पकडून काढायला लागली. आत, त्या ओल्या मांसावरच्या दोन-तीन तिनं पदराचं टोक भिजवून काढल्या. पोर निळी पडली होती रडून रडून.

मग तिची नजर खाली गेली. गुळाचा खडा. तिनं वाटी लाथेनं उडवली.

"तुमच्या गुळानं माजी पोर खाल्ली असती, आत्याबाई!"

आता मी काय पाहिलं ते लिहितो. मुंग्यांची रांग उंबऱ्यापासनं आली होती. ती गुळाच्या वाटीवर थांबली नव्हती. वाटीला चार-दोन मुंग्या, बस. रांग वाटीच्या बाजूनं भिंतीवर, भिंतीवरनं आढ्याला, आढ्यावरनं दोरीनं खाली झोळीत. त्या कागदावर येत होत्या. मी आणलेल्या कागदावर. पोटाच्या उबेनं त्याच्यातला गूळ पातळ झाला होता. मला कळलं. आणि आयलाही कळलं. तिनं येसूनं फेकलेला तो कागद उचलला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी मान खाली घातली.

तिनं कागदाचा बोळा करून चुलीत टाकला. म्हणाली, "व्हय गं बाई. माजाच गूळ."

येसूनं तोपर्यंत लुगडं आवरलं होतं. ट्रंकेतली लग्नातली नवी ओढणी काढून पोर गुंडाळली. राहिलेल्या तीन कागदांतला एक तिनं या वेळी चांगला खळखळून धुतला. राग आलेला माणूस सगळंच खळखळून धुतो, म्हणून. तो पोटावर ठेवला आणि म्हणाली, "उठा. पुन्याला."

"पाच दिसांची बाळंतीन तू," आय म्हणाली, "उंबरा वलांडू नगं. मी जाते पोर घिऊन."

"तुमच्या हातात देनार न्हाई."

भर दुपारी आम्ही निघालो. मळवलीपर्यंत रस्ता तापलेला. येसूच्या पायावरनं रक्ताचा ओघळ येत होता, ती थांबून मातीनं पुसायची आणि चालायची. मी म्हणालो, पोर माझ्याकडं दे. दिली नाही. स्टेशनाजवळ रुळावर आबांची गँग काम करत होती. आम्हाला बघून आबांनी पहार टाकली, मुकादमाला न विचारता चालत आले. आबांनी डोक्याचा रुमाल सोडून येसूच्या डोक्यावर टाकला आणि पुण्याची लोकल येईपर्यंत उन्हाच्या बाजूला उभे राहिले, आमच्यावर सावली पडावी म्हणून.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. सरकारी होता, मोठा. चार जणांनी चार खोल्या दाखवल्या आणि शेवटी एका बाईंपुढं आम्ही उभे राहिलो. पोरांच्या ऑपरेशनच्या डॉक्टरीण, केस पिकलेल्या, आवाज कडक. त्यांनी ओढणी सोडली, धोतर सोडलं आणि थांबल्या.

"हा कागद कोणी लावला?"

येसू म्हणाली, "मी."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. फडकं चिकटतंय म्हून."

"बरोबर केलंस. आम्ही इथे नेमकं हेच करतो. फडकं लावत राहिली असतीस तर हे सगळं सोलून निघालं असतं." मग त्यांनी बेंबीचा दोरा बघितला. "आणि हा दोरा? इथे आता प्लास्टिकचा चिमटा लावतात. तो याच्यावर घासून जखम झाली असती. दोरा होता ते बरं झालं."

"सासूनं बांदला," येसू म्हणाली. तेवढंच.

"आणि हे चावे कसले?"

"मुंग्यांचे. सासूनं पोरीखाली गूळ ठिवला व्हता."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी बोलायची वेळ ती होती. मी खिडकीतनं बाहेर बघितलं. बाईंनी कागद चिमट्यानं उचलून टोपलीत टाकला आणि मला हायसं वाटलं. पोर टेबलावर उघडी पडलेली, आणि कागद गेल्याचं मला हायसं वाटलं. असा मी.

बाईंनी समजावून सांगितलं. आईच्या पोटात बाळ घडताना पुढची भिंत मिटायची राहून गेली. त्यामुळं लघवीची पिशवी दोन भागांत उघडी राहिली, मधे आतडं उघडं राहिलं, आणि शीची वाट तयारच झाली नाही. हे फार क्वचित होतं, त्यांनी स्वतः त्याआधी दोनच बाळं पाहिली होती. येसूनं विचारलं, "माजं काय चुकलं का, बाई? मी भट्टीवर उबी ऱ्हायले म्हून?" बाई म्हणाल्या, "कुणाचंही काही चुकलेलं नाही. तुझं नाही, सासूचं नाही, कुणाचं नाही." त्या फक्त आजाराबद्दल बोलत होत्या. बाई पुढं म्हणाल्या, ऑपरेशन एक नाही, बरीच लागतील. शी पोटावरच्या एका बाजूनं काढावी लागेल, जन्मभर. लघवीचं पुढं बघू. जगेल याची खात्री देत नाही. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर हे बोलायलाही मी बसले नसते.

कागद भरणाऱ्यानं नाव विचारलं. घरातनं निघताना आयनं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, नाव ठेवू नका, नाव ठेवलं की माया लागती. मी म्हणालो, "अजून ठिवलं न्हाई." येसू म्हणाली, "विशाखा. विशाखा ल्हिवा." सहाव्या दिवशी सकाळी विशाखाला आत नेलं. दुपारपर्यंत मी जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो, वर जाताना एक आकडा यायचा आणि खाली येताना दुसरा. येसू एका जागी बसून होती. दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "आहे."

त्यानंतर तीन आठवडे विशाखाचे पाय एकमेकांना बांधून ठेवले होते, जोडलेली हाडं सरकू नयेत म्हणून. त्यानंतरची ऑपरेशनं, पोटावरच्या पिशव्या, शाळेत वासाचे टोमणे, येसूनं हेडमास्तरांच्या टेबलावर आपटलेला हात, ते सगळं येसूचं आहे. तिनंच केलं, तिलाच सांगता आलं असतं. आज विशाखा चाळिशीच्या पुढं आहे. तळेगावला राहते, बायांना शिवणकाम शिकवते. पोटावर दोन पिशव्या आहेत आणि जीभ आईपेक्षा धारदार आहे.

येसू त्यानंतर सासूच्या हातचं जेवली, पण पोर कधी तिच्या हातात दिली नाही. आय गेली तोपर्यंत नाही. बारा वर्षं. विशाखा अंगणात खेळायची आणि आय ओट्यावरनं बघायची, हाक मारायची नाही. एकदा मी आयला सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी तुझ्या दोऱ्याला चांगलं म्हटलं होतं. ती म्हणाली, "दोऱ्याचं काय, दोरा सगळ्यास्नीच बांदते." मी म्हणालो, आय, येसूला खरं सांगू का? ती निवडत असलेल्या तांदळातनं मान वर न करता म्हणाली, "तिला नवऱ्याबरुबर जन्म काडायचाय. सासूबरुबर न्हाई. ऱ्हाऊं दे." मला सोयीचं होतं. मी राहू दिलं. येसूला सांगायचं मी पुढं ढकलत गेलो, आणि ढकलायला जागा उरली नाही.

मागच्या महिन्यात विशाखा आली. आईची लुगडी वाटायची होती. मी ओट्यावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. ती म्हणाली, "बाबा, काय चाललंय तुमचं? एका जागी बसा." मी बसलो आणि सांगून टाकलं. रोलचं, ढिगाचं, बाहीचं, "कोरं हायत न्हवं" म्हटल्यावर मी काय म्हणालो त्याचं, रांग कुठं चालली होती त्याचं. ती घडी घालत होती, तिचे हात थांबले.

"आईला माहीत होतं?"

"न्हाई."

"आजीला?"

"व्हय."

तिनं हातातल्या लुगड्याची घडी पुरी केली. मग म्हणाली, "मुंग्या लागल्या नसत्या तर मला पुण्याला कधी नेणार होता?"

हा प्रश्न मला चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. पाचवी झाल्यावर आय म्हणाली असती, बारसं होऊ दे. मी म्हणालो असतो, बरं. मी डबा घेऊन कामाला गेलो असतो.

"नसतं न्येलं," मी म्हणालो.

ती उठली, लुगडी पिशवीत भरली आणि पाचच्या गाडीनं गेली. पुढच्या रविवारी आली नाही. फोनही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आली. येताना भाजी आणली होती, ती निवडायला माझ्यापुढं टाकली. म्हणाली, "तुम्हाला लिहिता येतं ना? मग लिहा. आजीचं लिहा, दोऱ्याचंसुद्धा. माझ्या पोरीबाळी म्हणजे माझ्या शिवणाच्या पोरी, त्यांना वाचायला देणार आहे मी. आणि कागद कुठनं उचलला ते पहिल्या ओळीत लिहा, शेवटी लपवू नका."

पहिल्या ओळीत जमलं नाही. मधे लिहिलंय.